नकाशात नसलेली पाणंद

नांदणवाडीचा हरिबा साळुंखे पस्तीस वर्षं सरकारी मोजणीदार म्हणून राबला आणि निवृत्त झाला, पण मोजणी काही त्याच्या अंगातून निवृत्त झाली नाही. जेवायला बसला तरी आधी दिशा बघायचा. भाकरी नैर्ऋत्येला, आमटी ईशान्येला. त्याची बायको शालन लग्नानंतर वर्षभर विचारत होती, ईशान्य म्हणजे चुलीकडं का न्हाणीकडं? मग तिनं विचारायचं सोडलं आणि पुढं जन्मभर हवी तिथं आमटी वाढली. हरिबाला ते कधी कळलं नाही, कारण ताटाचा नकाशा कुणी काढलेला नव्हता.

"नकाशात हाय ते हाय, नकाशात न्हाई ते न्हाई," हे त्याचं आवडतं वाक्य. नोकरीत असताना एकदा तो अर्जुना खोताच्या रानात मोजणीला गेला. ऊन मी म्हणत होतं, म्हणून दोघं विहिरीच्या काठावर टेकले. हरिबानं नकाशा मांडीवर पसरला, चष्मा पुसला आणि सांगितलं, "अर्जुना, तुझ्या रानात हीर न्हाई."

अर्जुनानं खाली वाकून पाण्यात बघितलं. पाणी होतं, पाण्यात दोन कासवं होती. "मग मोजणीदार, आपण बसलोय कशावर?"

"त्ये मी सांगू शकत न्हाई. नकाशात जिराईत दावलंय."

हा किस्सा अर्जुनानं कुंडलच्या बाजारापासून इस्लामपूरच्या एस.टी. स्टँडपर्यंत सांगितला. हरिबाला त्याचा राग आला नाही. उलट त्याला वाटायचं की लोक आपल्या काटेकोरपणाचं कौतुक करतायत.

त्याच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, भिंतीवर देवांपेक्षा नकाशे जास्त. मधोमध जगाचा नकाशा, शेजारी सातारा-सांगलीचा, आणि त्याखाली काचेत घातलेला नांदणवाडीचा गाव नकाशा. जगाच्या नकाशावर आपलं गाव दिसत नाही याचं त्याला वाईट वाटलं, म्हणून त्यानं शालनची एक लाल टिकली तिथं चिकटवली. टिकलीखाली नांदणवाडी गेली, कराड गेलं, मिरज गेली आणि निम्मा विजापूर जिल्हाही गेला. आल्यागेल्याला तो टिकलीवर बोट ठेवून सांगायचा, "ह्ये आपलं गाव." बघणाऱ्याला छाती फुगल्यासारखं व्हायचं.

त्याच नकाशावर वर डावीकडं ग्रीनलँड आफ्रिकेएवढं पसरलेलं होतं. हरिबाला ग्रीनलँडबद्दल फार आदर. एवढा मोठा देश आणि कधी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पुढं नात सृष्टी सुट्टीला आली, तिनं पृथ्वीचा गोळा आणला आणि दाखवलं की आबा, हे तर आफ्रिकेच्या कोपऱ्यात मावतंय. सपाट कागदावर ताणून काढलं की वरचे देश फुगतात, असं बाई शिकवतात. हरिबानं गोळा दोनदा फिरवला आणि खाली ठेवला. "गोळ्यात चूक हुणारच, पोरी. त्याला कुठं सरळ रेघ मारता येती?"

नव्या पोरांना शिकवताना तो कोलंबसाचं उदाहरण द्यायचा. त्याचं म्हणणं, कोलंबस निघाला हिंदुस्थानला आणि पोचला भलतीकडं, कारण त्यानं शेजारच्या गावाचा नकाशा मागवला नाही. "आपला कागद शिवेवर संपतू, जमीन संपत न्हाई. शेजारचा नकाशा आणायचा, शिवेला शीव लावायची. रस्ता कवा शिवेवर मरत न्हाई. मेलेला दिसला, तर कुठल्या तरी एका कागदात खोट हाय." हे शहाणपणाचं बोलणं होतं. पोरं लिहून घ्यायची.

या सगळ्या शहाणपणाला एक जागा वर्ज्य होती, ती म्हणजे त्याच्या घरामागचा गोठा.

गोठ्यापलीकडं साळुंख्यांचा ऊस, उसापलीकडं मुलाणी वस्ती. चार घरं. तिथली रहिमतबी पंचाहत्तरीची, गावाची भाबी. तिच्या घरातून गावात यायला सरळ आलं तर दहा मिनिटं लागावीत. पण मध्ये ऊस आणि गोठा, म्हणून वस्तीची माणसं ओढ्यातून वळसा घालून यायची. उन्हाळ्यात अर्धा तास. पावसाळ्यात ओढ्याची मर्जी. तिची नातसून सबा पहिल्या खेपेला अडली, तेव्हा तिला बाजेवर घालून कमरेएवढ्या पाण्यातून नेलं होतं. बाज धरणारे चौघं होते, त्यातला एक हरिबाही होता. तो माणूस वाईट नव्हता. बाजेला खांदा द्यायला तो सगळ्यात आधी धावला, मात्र बाज ओढ्यातून का न्यावी लागते हे त्यानं कुणाला विचारलं नाही.

अशात गावात फोन आले आणि फोनात नकाशा आला. आणि त्या नकाशात एके दिवशी हरिबाच्या अंगणातून, गोठ्यातून, उसातून थेट मुलाणी वस्तीपर्यंत एक पांढरी रेघ उमटली. ती कुणी घातली हे आजतागायत ठाऊक नाही. लोक म्हणाले, रहिमतबीच्या नातवानं, अफताबनं. तो दुचाकीवरून पार्सलं पोचवायचा. अफताब म्हणाला, उपग्रहानं. उपग्रह काही म्हणाला नाही.

मग माधवनगरहून फ्रीज घेऊन एक टेम्पो आला आणि हरिबाच्या म्हशीच्या नाकाला नाक लावून उभा राहिला.

"कुठं निघालास?" हरिबा बाहेर आला.

"मुलाणी वस्तीवर. बाई म्हणतीया सरळ जा."

"कोण बाई?"

ड्रायव्हरनं फोन पुढं केला. फोनातली बाई शांतपणे म्हणाली, "तीनशे मीटर सरळ जा."

"हितं रस्ता न्हाई. गोठा हाय."

"मला दिसतूय की, काका. तुमी बाईला सांगा."

ज्या हरिबानं भल्याभल्या वकिलांना नकाशावर बोट ठेवून गप्प केलं होतं, तो फोनावर वाकला आणि म्हणाला, "बाई, ह्यो गट नंबर दोनशे बारा. हितनं वहिवाट न्हाई. नकाशा बघून बोला."

"सरळ जा," बाई म्हणाली.

म्हैस टेम्पोची काच चाटू लागली. शेवटी फ्रीज चौघांनी डोक्यावर घेऊन ओढ्यातून नेला. त्या दिवसापासून आठवड्याला एखादी तरी गाडी गोठ्यात यायची. एकदा सोयरीक बघायला निघालेली अख्खी जीप आली आणि पाहुणे उतरून म्हशीला नमस्कार करायचेच बाकी राहिले. गाव पोट धरून हसलं. हरिबा दारात बसून सगळ्यांना सांगायचा, फोन खोटा आहे.

त्याची खरी अडचण ही होती की फोन खोटा नव्हता. बाई चुकली असती तर त्याला तिचा राग आला नसता, कीव आली असती. पण बाई हातभरही चुकत नव्हती, आणि हे नांदणवाडीत त्याच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं.

गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. गावाचा जुना कापडी नकाशा घड्यांवर फाटला होता आणि साहेबांनी त्याची नवी प्रत काढायचं काम हरिबाला दिलं. हात त्याचाच सगळ्यात सुबक. जुन्या नकाशात वेशीपासून शिवेपर्यंत, एका घडीवरूनच, दोन तुटक रेघा होत्या. तुटक रेघ म्हणजे पाणंद, दोन्ही बाजूंच्या रानांमधून जाणारी गाडीवाट. आता नांगरट करताना दरवर्षी पाणंदीचा एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, आपल्यात घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. सगळेच घेतात, म्हणून कुणी बोलत नाही. हरिबाचा बाप तुकाराम त्यात जरा जास्त उत्साही होता. त्यानं पंधरा वर्षांत पाणंद संपवली आणि जी पायवाट उरली तिच्यावर गोठा बांधला. प्रत काढायचं चालू असताना तुकाराम डबा घेऊन कचेरीत आला, पोराच्या खांद्यावरून कागदाकडं बघत उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "घडीवर शाई नीट बसत न्हाई म्हणत्यात."

हरिबाची लेखणी तिथं उचलली गेली. त्यानं खोटं काही काढलं नाही. खरं होतं ते मात्र काढलं नाही. ज्या समुद्राची माहिती नसायची तिथं जुन्या काळचे नकाशेवाले राक्षस काढायचे म्हणतात. हरिबानं ओळखीच्या पाणंदीवर कोरा कागद ठेवला. मग खाली कोपऱ्यात, वळणदार अक्षरात, 'नक्कल काढणार : ह. तु. साळुंखे' अशी सही केली. जुना कापडी नकाशा दप्तरात कुठं तरी वाळवीनं संपवला. आणि त्यानंतरच, आधी नव्हे, हरिबा सांगू लागला की नकाशात नाही ते नाही.

वैशाखात रहिमतबी काठी टेकत आली आणि त्याच्या पायरीवर बसली. शालननं तिला पाणी दिलं.

"हरिबा, सबाला आखाडात दिवस भरत्यात. फोनातल्या बाईला आमची पाणंद दिसती. तुला कशी दिसंना रं?"

"भाबी, फोन परदेशी. त्याला आपल्या गावचं काय ठावं?" त्यानं काचेतला नकाशा उतरवून तिच्यापुढं धरला. "ह्ये बगा. हाय का कुठं?"

तिच्या नवऱ्यालाही त्यानं तीस वर्षांपूर्वी असाच नकाशा दाखवला होता आणि बिचारा मान डोलवून निघून गेला होता. रहिमतबीला अक्षर येत नव्हतं, पण ती मान डोलवणारी नव्हती. तिनं काचेवर बोट टेकलं. "ह्यात माझं घर कुठाय?"

"ह्यो बगा, गट दोनशे अठरा."

"मग ह्या घरातनं मी भाईर कशी पडत असंन?"

"नकाशात माणसं दावत नसत्यात, भाबी."

"व्हय व्हय," रहिमतबी म्हणाली. "त्येच म्हनलं."

अफताबनं तहसीलदाराकडं अर्ज दिला. बुजलेल्या पाणंदी मोकळ्या करायचं सरकारचं चाललंच होतं. अट एवढीच की पाणंद गाव नकाशात दिसली पाहिजे. हरिबाला हायसं वाटलं. नकाशात ती नव्हतीच. त्यानं शालनला दोनदा सांगितलं, काही काळजी करू नको. शालन म्हणाली, "मी कुठं करतीया?" त्यातला तिखटपणा त्याच्या ध्यानात आला नाही.

ज्येष्ठात पाहणीचा दिवस ठरला. मोजणीला आली पल्लवी माने. हरिबाच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्याच्या हाताखाली शिकलेली पोरगी. तिला बघून तो खुलला. आपलीच शिष्या, आता कसला प्रश्न. तिनं त्याच्या पाया पडून घेतलं, काठीवरचं ते आभाळाशी बोलणारं यंत्र उभं केलं आणि गाव नकाशा मागितला. हरिबानं काच पुसून दिला. अर्ध्या गावाला त्या दिवशी रानात काम नव्हतं.

पल्लवीनं नकाशा बघितला. "यात पाणंद नाही, सर."

"न्हाईच," हरिबा म्हणाला. "म्या काय खोटं सांगतूय व्हय?"

पल्लवीनं मान हलवली आणि पिशवीतून दुसरी गुंडाळी काढली. "शेजारच्या गावाचा नकाशा मागवलाय. शिवेला शीव लावून बघायची सवय आहे." तिनं दोन्ही कागद ओट्यावर जवळजवळ ठेवले. शेजारच्या गावाच्या कागदावरून दोन तुटक रेघा वळणं घेत आल्या, शिवेच्या दगडाला लागल्या आणि हरिबाच्या कागदावर मेल्या.

सगळे वाकून बघत होते. पल्लवीनं त्याच्याकडं न बघता सांगितलं, "रस्ता शिवेवर मरत नाही. मेला असेल तर एका कागदात खोट आहे. तुम्हीच शिकवलंत, सर." ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की सर आता चूक शोधायला मदत करतील. मग तिचं बोट खाली कोपऱ्यात गेलं. तिनं सही वाचली आणि एकदम गप्प झाली. अर्जुना खोतालाही वाचता येत होतं आणि त्याला गप्प बसायची सवय नव्हती. "ह. तु. साळुंखे," तो मोठ्यानं म्हणाला.

"घडीवर शाई बसत न्हाई," हरिबा म्हणाला. ते वाक्य आपल्या बापाचं आहे हे त्याला बोलून झाल्यावर आठवलं.

पल्लवी म्हणाली, नुसत्या कागदावर होणार नाही, कुणाला जुनी वाट ठाऊक आहे का? रहिमतबी उठली. सगळी मंडळी ओढ्यानं वळसा घालून शिवेच्या दगडापाशी गेली. तिथून ती निघाली, काठी टेकत. डोळ्यांनी तिला फारसं दिसत नव्हतं, पण पायांना सगळं पाठ होतं. ऊस तुटून गेलेला होता, नुसता खोडवा. हितं वड्डरांनी टाकलेला धोंडा हुता. हितं चढ लागतू. हितनं डाव्या हाताला. पल्लवी यंत्र घेऊन मागं, आणि शेजारच्या नकाशातून पुढं ओढलेली तिची रेघ म्हातारीच्या पावलांना सोडायला तयार नव्हती. कुणी तरी गंमत म्हणून फोन चालू केला होता. त्यातली बाई "सरळ जा" म्हणत होती आणि रहिमतबी तिचं ऐकल्यासारखी सरळ जात होती. हरिबा मागून चालत होता आणि मनात म्हणत होता, चुक, एकदा तरी चुक.

ती चुकली नाही. उसाच्या रानातून नीट गोठ्यात शिरली आणि हात पुढं करून म्हशीचा खुंटा चाचपला. "ही बोर. हितं म्या डोईवरची पाटी उतरवायची." म्हैस बांधायचा खुंटा तोडलेल्या बोरीचाच होता. अजून त्याला साल होती.

पल्लवीनं पंचनाम्याचा कागद काढला. "सर, तुमचं म्हणणं लिहायचंय. पाणंद होती की नव्हती?"

एवढं सगळं होऊनही हरिबाकडं अजून एक वाट होती. तो नाही म्हणाला असता तर प्रकरण वर गेलं असतं, तारखा पडल्या असत्या, आखाड निघून गेला असता. त्याला कायदा पाठ होता. त्यानं घसा खाकरला. "सरकारी नकाशात रस्ता न्हाई. आन नकाशात न्हाई ते न्हाई."

"मग मोजणीदार," अर्जुना म्हणाला, "आपण उभं कशावर हाय?"

कुणी हसलं नाही. शालन गोठ्याच्या दारात उभी होती. तिचं माहेर शेजारच्या गावचं. ती आजवर गावासमोर नवऱ्याला उलटून बोललेली नव्हती.

"आवं," ती म्हणाली, "माझी वरात कुठनं आली हुती?"

हरिबा म्हशीपुढची वैरण सारखी करू लागला.

"त्र्याऐंशी सालची गोष्ट. तुमी फेटा बांधून गाडीत बसला हुता. ह्या बोरीला लागून तुमचा फेटा सुटला आन तुमच्या आईनं अपशकुन म्हून बोंब मारली. ती गाडी काय आभाळातनं आली हुती?" तिनं पुढं होऊन म्हशीचं दावं सोडलं आणि म्हैस बाहेर काढली. "ल्ह्या, बाई. पाणंद हुती. म्या तिच्यावरनंच ह्या घरात आल्ये."

पल्लवीनं लिहिलं. हरिबानं सही केली. अक्षर तेवढंच वळणदार आलं. त्या दिवशी त्याला फार लाज वाटली. जेवताना आमटी कुठल्या दिशेला आहे हे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

गोठा आठवड्यात निघाला. मुरूम पडला. आखाडात, धो धो पावसात, सबाला रिक्षातून नेलं आणि तेराव्या दिवशी लेक कुशीत घेऊन ती त्याच वाटेनं परत आली. तोवर लाज ओसरून हरिबा पुन्हा पूर्वीसारखा झाला होता. पल्लवीनं त्याच्याकडूनच नकाशाची दुरुस्त प्रत काढून घेतली, हात सुबक म्हणून. ती काचेत घालून तो नव्या रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दोन तुटक रेघा दाखवून सांगायचा, "ह्यो रस्ता नकाशात म्याच आणला." काही नवखे लोक त्याचे आभारही मानायचे.

रिक्षा त्याच्यापुढं थांबली. रहिमतबीनं पणतीला पदराखालून बाहेर काढून दाखवलं. हरिबानं पोरीच्या हातात नोट ठेवली, कौतुकानं तिचा गाल चाचपला आणि मग राहवलं नाही म्हणून काच पुढं केली. "भाबी, बगा. रस्ता आला बरं का नकाशात."

"आला व्हय?" रहिमतबी म्हणाली. "आन छत्तीस वर्सं कुठं गेल्ता रं?"

हरिबानं तोंड उघडलं. 'त्ये मी सांगू शकत न्हाई' हे वाक्य अगदी ओठावर होतं.

"कुठं जातूय, भाबी," शालन आतूनच म्हणाली. "आमच्या गोठ्यात बांधून घातला हुता."